आठवा महिना आणि रक्तदाबाचा आंकडा

आमच्या या सदराच्या एका जुन्या वाचक भगिनींचें पत्र मध्यंतरीं आलें. घर मोठें, चार पिढ्या एका छपराखालीं नांदणारें. धाकट्या सूनबाईंना आठवा महिना लागलेला, पहिलेंच गर्भारपण. नेहमींच्या तपासणींत रक्तदाब १५०/१०० निघाला, चार तासांनीं पुन्हां मोजला तरी तितकाच, आणि लघवींत प्रथिनें सांपडलीं. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें कीं, आजच रुग्णालयांत ठेवा. आंकडा वर चढूं लागला तर बाळंतपण लवकर करावें लागेल. झालें, घरांत दोन तट पडले. मुलगा व सूनबाई जावयास तयार. परंतु आजेसासूबाईंचें म्हणणें असें कीं, पोरीला कांहीं एक दुखत नाहीं, चार घांस खाते आहे, चेहऱ्यावर तेज आहे. शिवाय सातव्या महिन्याचें मूल जगतें, आठव्याचें जगत नाहीं, हें शास्त्रांतच आहे. तेव्हां निदान नववा लागेपर्यंत थांबावें. आठ दिवसांवर डोहाळजेवणही ठरलेलें. पत्रलेखिका मधल्या पिढीच्या. वर सासू, खालीं सून. आपणांस संस्कृत येतें, तेव्हां शास्त्रांत खरोखरच असें आहे काय तें कळवावें, असें त्यांनीं विचारिलें होतें.

त्यांना उत्तर आम्हीं पत्रानें न देतां दूरध्वनीनेंच दिलें. शास्त्राचें मागाहून पाहूं, आधीं रुग्णालय गांठा, एवढेंच सांगितलें. आणि त्याच सायंकाळीं सूनबाई दाखल झाल्या. त्यांच्या घरच्यांच्या संमतीनें ही हकीगत येथें देत आहों, कारण हा प्रश्न एका घराचा नाहीं. आम्ही डॉक्टर नव्हे. जन्म शाळामास्तरकींत गेला. पण ग्रंथ कसा वाचावा हें आयुष्यभर शिकविलें, आणि या विषयांत जुने ग्रंथ चाळून व नव्या वैद्यकांतील जाणत्या माणसांस विचारून जें समजलें तें मांडतों.

शास्त्रांत तसें आहे, हें खरें. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत असा विचार आहे कीं, आठव्या महिन्यांत ओज अस्थिर असतें आणि म्हणून त्या महिन्यांत जन्मलेलें मूल जगत नाहीं. चरकसंहितेंतही आठव्या महिन्याचा प्रसव संकटाचा मानिला आहे. नवल असें कीं, ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवावर चालणाऱ्या ग्रंथसंग्रहांतही आठव्या महिन्याच्या मुलाविषयीं स्वतंत्र निबंध आहे, आणि तेथेंही मत जवळजवळ हेंच. दोन दूरच्या देशांत एकच समजूत कां रुजली असावी? आमचा आपला एक तर्क आहे, तर्क म्हणूनच घ्यावा. त्या काळीं आठव्या महिन्यांत जें बाळंतपण होई, तें पुष्कळदां आईला कांहीं भयंकर दुखणें झालें म्हणूनच होत असलें पाहिजे. मूल दगावे तें त्या दुखण्यानें, आणि दोष मात्र महिन्यावर जाई. कसेंही असो, आज याबाबत शंकेला जागा उरलेली नाहीं. पोटांत काढलेल्या प्रत्येक आठवड्यागणिक बाळाचीं फुप्फुसें अधिक तयार होतात. म्हणून आठव्याचें मूल हें सातव्याच्या मुलापेक्षां सबळच असतें, दुबळें नव्हे. ज्यांनीं लहान मुलांच्या अतिदक्षता विभागांत एक दिवस उभें राहून पाहिलें आहे, त्यांना हें सांगावें लागत नाहीं.

पण सुश्रुताचें नांव निघालेंच आहे, तर त्याच ग्रंथांतलें दुसरें स्थळ आजेसासूबाईंना वाचून दाखवावें असें आहे. निदानस्थानांत मूढगर्भाचा विचार करतांना तो म्हणतो कीं, जिच्या इंद्रियांना विपरीत भासूं लागलें आहे, जिला आक्षेपक म्हणजे झटके येऊं लागले आहेत, जिला दम लागला आहे, भोंवळ येत आहे, अशी स्त्री वैद्यानें चिकित्सेस हातीं घेऊं नये. हा वर्णिलेला रोग आणि आपण आज ज्याविषयीं बोलतों तो रोग एकच, असें छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं. परंतु दृष्टींत बिघाड, त्यामागून झटके, श्वास लागणें, ही सांगड आजच्या प्रसूतितज्ज्ञांना अगदीं ओळखीची आहे. फरक एवढाच कीं, ज्या अवस्थेंत त्या थोर शल्यवैद्यानें हात जोडले, तेथें आजचा वैद्य हात घालतो आणि बहुतेक वेळां आई व मूल दोघांनाही परत आणतो. मात्र वेळेवर नेलें पाहिजे. सारें घोडें तेथेंच अडतें.

या रोगास नव्या वैद्यकांत प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि झटके सुरू झाले म्हणजे एक्लॅम्प्सिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एकाएकीं झळकणें, लखलखणें असा आहे. आभाळ निरभ्र असतां वीज पडावी तसे झटके येतात, असें पूर्वीं वाटे. तें आभाळ वस्तुतः निरभ्र नसतें, हें कळावयास लंडनच्या गाय्ज् रुग्णालयांतील डॉक्टर जॉन लीव्हर यांचें १८४३ सालचें निरीक्षण कारण झालें. झटके येणाऱ्या गर्भिणींच्या लघवींत त्यांना अल्ब्युमिन हें प्रथिन सांपडलें. पुढें १८९६ सालीं इटलींतील रीव्हा-रोच्ची यांनीं दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचें यंत्र केलें, आणि १९०५ सालीं रशियांतील कोरोटकॉफ यांनीं तो आवाज ऐकून कसा मोजावा तें दाखविलें. तेव्हां कोठें कळलें कीं, झटक्यांच्या आधीं पुष्कळ दिवस रक्तदाब गुपचूप चढत असतो. आमच्या वेळीं कोण रक्तदाब मोजत होतें, असें घरांतलीं वडील माणसें विचारतात. यंत्र तर त्यांच्याही जन्मापूर्वींचें आहे. मोजत नव्हते तें आपलें दुर्दैव. त्या वेळीं ज्या गेल्या, त्या 'वातानें' गेल्या, 'बाहेरचें' लागून गेल्या, असें आपण म्हणत आलों. जुन्या घरांच्या वंशावळींत पहिल्या बाळंतपणांत गेलेल्या किती सुना आहेत, हें एकदां मोजून पहावें.

आतां हा रोग होतो कसा? मूळ आहे वारेंत. गर्भ रुजतांना गर्भाशयांतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावून त्यांतून वारेला भरपूर रक्त मिळावें, अशी निसर्गाची योजना आहे. कांहीं स्त्रियांत हें रुंदावणें अर्धवट राहतें. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तांत असे पदार्थ सोडते कीं, त्यांनीं सबंध शरीरांतल्या रक्तवाहिन्यांचें आंतलें अस्तर बिघडतें. मग रक्तदाब चढतो, मूत्रपिंडांतून प्रथिनें गळतात, यकृत सुजतें, रक्तांतले गोठण घडविणारे कण कमी होतात, आणि शेवटीं मेंदूवर आलें म्हणजे झटके. इकडे बाळालाही पोषण कमी पडून तें खुरटतें. मूळ वारेंत असल्यामुळें, वार बाहेर पडल्याखेरीज रोग पुरता जात नाहीं. गोळ्यांनीं रक्तदाब आवरतां येतो, सुईनें झटके थोपवितां येतात. परंतु हें सारें वेळ मिळविण्यासाठीं. बाळंतपण हाच त्याचा उतारा.

आंकड्यांचा हिशेब गृहिणींनीं पाठ करावा इतका सोपा आहे. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक, आणि चार तासांच्या अंतरानें दोनदां, म्हणजे रोगाची शंका. त्याच दिवशीं डॉक्टरांकडे. १६०/११० म्हणजे घरांत बसून विचार करण्याची वेळ संपली. तासाच्या आंत औषध सुरू व्हावयास हवें. या दोहोंपैकीं वरचा एकच आंकडा चढला किंवा खालचा एकच चढला, तरीही नियम तोच. शंभर गर्भिणींत दोन ते आठ जणींना हा रोग होतो, आणि आशिया व आफ्रिका खंडांत मातामृत्यूंपैकीं जवळजवळ दहावा हिस्सा रक्तदाबाच्या अशा विकारांचा आहे, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिलटकरणींना, जुळीं असणाऱ्यांना, चाळिशीकडे झुकलेल्यांना, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार वा आधींचाच रक्तदाब असणाऱ्यांना, आणि जिच्या आईला किंवा बहिणीला असें झालें आहे तिला, हा धोका अधिक. शेवटचें कारण लग्नाच्या बैठकींत कोणी विचारीत नाहीं, आणि विचारूंही नये. परंतु सूनबाईंना दिवस राहिले म्हणजे विहीणबाईंना तेवढें अवश्य विचारावें. त्यांत कमीपणा कसला?

रक्तदाब मोजण्याचीं यंत्रें हल्लीं घरोघर झालीं आहेत, तीं आजोबांसाठीं घेतलेलीं. त्यांवर सूनबाईंचा रक्तदाब मोजण्यास हरकत नाहीं, पण रीत पाळावी. जिना चढून आल्या आल्या मोजूं नये; पांच मिनिटें पाठ टेकून, पाय जमिनीवर सोडून स्वस्थ बसावें; पट्टा दंडाच्या मापाचा असावा व दंड हृदयाच्या पातळीस टेकलेला; मोजतांना बोलूं नये. मनगटावरचीं यंत्रें या कामीं भरंवशाचीं नाहींत. दंडावरचींही सगळींच गर्भिणींच्या बाबतींत बरोबर आंकडा दाखवितात असें नाहीं. म्हणून आपलें यंत्र एकदां डॉक्टरांकडे नेऊन त्यांच्या यंत्राशीं ताडून घ्यावें. आणि हें लक्षांत असावें कीं, घरच्या यंत्रानें चांगला आंकडा दाखविला म्हणून तपासणी चुकवावयाची नाहीं; वाईट दाखविला तर मात्र निघावयाचें.

रक्तदाब स्वतः बोलत नाहीं. परंतु रोग वाढला म्हणजे शरीर बोलूं लागतें, आणि तें ऐकणारे कान घरांतल्या बायकांचेच असतात. पावलांवर थोडी सूज बहुतेक गर्भिणींना येते, तिचें विशेष भय नको. पण एकाएकीं तोंड सुजलें, सकाळीं पापण्या जड दिसल्या, बोटांतली अंगठी निघेना, डोहाळजेवणाच्या दिवशीं कालपर्यंत सैल असलेल्या बांगड्या मनगटावर रुतूं लागल्या, तर तें बाळसें नव्हे आणि तेजही नव्हे. कपाळ फुटेल असें डोकें दुखून तें साध्या गोळीनें न थांबणें. डोळ्यांपुढें काजवे, धूसर दिसणें, एकाचीं दोन दिसणें. लघवी कमी होणें. निजलें असतां दम लागणें, हीं धोक्याचीं लक्षणें आहेत. बाळाची हालचाल मंदावली तर तेंही तितकेंच गंभीर.

एक लक्षण मात्र आम्ही मुद्दाम वेगळें काढतों, कारण आपल्या घरांत तें हमखास चुकतें. बरगड्यांखालीं, मध्यभागीं किंवा उजव्या बाजूला दुखणें व उलट्या. आपल्याकडे याला एकच नांव: पित्त. सासूबाई मोरावळा देतात, आजेसासूबाई कोकमाचें सार करावयास सांगतात, शेजारच्या काकू सुंठसाखर घेऊन येतात. आणि प्रत्येकीचा जीव सूनबाईंसाठीं तुटत असतो, यांत संशय नाहीं. परंतु सातव्या महिन्यापुढें ही वेदना यकृत सुजल्याची असूं शकते. या रोगाच्या एका अवघड प्रकारांत रक्तांतल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृत बिघडतें व रक्त गोठविणारे कण घटतात. त्याला १९८२ सालीं अमेरिकेंतील लुई वाइन्स्टाइन यांनीं 'हेल्प' असें नांव दिलें, आणि त्यांत रक्तदाब कधीं कधीं फारसा चढलेलाही नसतो. तेव्हां नियम असा करावा कीं, सातव्या महिन्यानंतर सूनबाईंच्या पोटाच्या वरच्या भागांतलें दुखणें 'पित्त' म्हणण्याचा अधिकार घरांत कोणालाही नाहीं. रक्त तपासल्यावर डॉक्टरांनीं म्हणावें.

दुसरी समजूत मिठाची. सूज दिसली कीं सूनबाईंचें जेवण अळणी होतें. मीठ तोडल्यानें हा रोग टळत नाहीं कीं हटत नाहीं. सर्वांनींच मीठ बेतानें खावें एवढें खरें, पण गर्भिणीला अळणी भाकरी चावावयास लावून तिचें अन्न तोडूं नये. सूज उतरावी म्हणून लघवीच्या गोळ्या आणून देणें तर त्याहून वाईट. आणि सक्तीनें अंथरुणावर निजवून ठेवल्यानेंही रोग थांबत नाहीं. या तिन्ही उपायांत एकच मोठा दोष आहे. आपण कांहीं तरी करीत आहों असें घराला वाटतें, आणि त्यांत दिवस जातो.

समजा, घरांतच झटका आला. मान ताठ होते, डोळे फिरतात, दांतखीळ बसते, हातपाय आंखडून झाडले जाऊं लागतात, तोंडाला फेंस येतो. पाहणाऱ्याला तो युगासारखा वाटला तरी बहुधा मिनिट-दीड मिनिटांत संपतो. या वेळीं बाईंना जमिनीवर किंवा गादीवर डाव्या कुशीवर वळवावें, म्हणजे लाळ व उलटी बाहेर पडेल आणि श्वास अडणार नाहीं. डोक्याखालीं मऊ कांहीं द्यावें. जवळचीं टोकदार व गरम भांडीं दूर सारावीं. हातपाय दाबून धरूं नयेत. दांतांत चमचा, बोट, कापड कांहीं घालूं नये. पाणी पाजूं नये. कांदा नको, चप्पल तर नकोच. नाकाशीं चामडें धरल्यानें झटका थांबत नाहीं, तो आपल्या वेळेनें थांबतो आणि श्रेय चपलेला जातें. अंगारा लावावयाचा असेल त्यानें तो गाडींत बसल्यावर लावावा. आमचें भांडण अंगाऱ्याशीं नाहीं, खोळंब्याशीं आहे. हें सारें चाललें असतां एकानें १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पहिला झटका थांबला म्हणून स्वस्थ बसूं नये. दुसरा येतो, आणि घात बहुधा पुढचे करितात. पूर्वीं मिरगी नसलेल्या स्त्रीला गर्भारपणाच्या उत्तरार्धांत झटका आला, तर तो या रोगाचाच आहे असें धरून चालावें.

रुग्णालयांत गेल्यावर काय करतात, हें नातेवाइकांना ठाऊक असावें, म्हणजे दारांत उभें राहून उगाच हुज्जत होत नाहीं. झटक्यांवरचें औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुन्या घरांत जुलाबासाठीं एप्सम सॉल्ट देत, तेंच हें, पण शुद्ध करून सुईवाटे द्यावयाचें. या स्वस्त औषधाला मान मिळावयास फार वर्षें लागलीं. आपल्याकडे मद्रासचे डॉक्टर कृष्ण मेनन यांनीं १९६१ सालीं तीन गुंगीकारक औषधांच्या मिश्रणाची आपली पद्धत प्रसिद्ध केली, व ती देशांत बरींच वर्षें चालली. अन्यत्र डायझेपाम व फेनिटॉइन चाले. अखेर १९९५ सालीं अनेक देशांत मिळून, झटके आलेल्या १,६८७ स्त्रियांवर केलेल्या तुलनेचा निष्कर्ष बाहेर आला. मॅग्नेशियम दिलेल्यांत पुन्हां झटका येण्याचें प्रमाण डायझेपामपेक्षां ५२ टक्क्यांनीं व फेनिटॉइनपेक्षां ६७ टक्क्यांनीं कमी. पुढें २००२ सालीं ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवरच्या 'मॅगपाय' नांवाच्या अभ्यासानें दाखविलें कीं, तीव्र रोग असतांना आधींच दिल्यास तें झटका येण्याचा संभव निम्म्याहून अधिक कमी करतें. आज आपल्या शासनाच्या मार्गदर्शनाप्रमाणें उपकेंद्रांतली परिचारिकाही, रोग्याला पुढें पाठविण्यापूर्वीं, दोन्ही नितंबांत पांच-पांच ग्रॅमची पहिली मात्रा देऊं शकते. ही सुई दुखते, अंगांत एकदम ऊष्मा भरल्यासारखें होतें. सूनबाई कळवळल्या म्हणून बाहेरून ओरडा करूं नये. औषध जास्त झालें तर श्वास मंदावतो. यासाठीं परिचारिका वारंवार गुडघ्यावर ठोकून पाहतात, श्वास मोजतात, लघवी मापतात. आणि उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ ठेवितात. प्रसूतीनंतर, किंवा शेवटच्या झटक्यानंतर, चोवीस तास हें चालतें.

रक्तदाब उतरविण्याच्या औषधांबाबत तर महाराष्ट्रानें जगाला कांहीं दिलें आहे, हें वाचकांना ठाऊक नसेल. शिरेंतून औषध देण्याची सोय सर्वत्र नसते, तर तोंडानें द्यावयाच्या साध्या गोळ्यांनीं भागेल काय, असा प्रश्न होता. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत व डागा स्मृति स्त्री रुग्णालयांत २०१५ ते २०१७ या काळांत तीव्र रक्तदाबाच्या ८९४ गर्भिणींवर निफेडिपीन, लॅबेटॅलॉल व मिथिलडोपा या तीन गोळ्यांची तुलना झाली, आणि २०१९ सालीं तिचा निष्कर्ष 'लॅन्सेट' या मासिकानें नव्हे, साप्ताहिकानें, छापिला. सहा तासांच्या आंत, दुसरें औषध न लागतां व विपरीत परिणाम न होतां, निफेडिपीननें शेंकडा ८४, लॅबेटॅलॉलनें ७७ व मिथिलडोपानें ७६ जणींचा रक्तदाब ताब्यांत आला. याचा अर्थ, लहान गांवच्या दवाखान्यांतही वेळ सावरतां येते. या गोळ्या डॉक्टरांनीं द्यावयाच्या. आजोबांच्या डबींतली गोळी सूनबाईंना देऊं नये, कारण आजोबांना चालणाऱ्या कित्येक रक्तदाबाच्या गोळ्या गर्भाला अपाय करितात.

बाळंतपण केव्हां करावयाचें, हा घरच्या माणसांना सर्वांत जड जाणारा प्रश्न. रोग सौम्य असला तर डॉक्टर डोळ्यांत तेल घालून सदतीस आठवडे पुरे होईपर्यंत थांबतात. चौतीस आठवडे झाले आहेत व रोग तीव्र आहे, तर थांबत नाहींत. त्याहून आधीं असेल, तर आईची प्रकृति सोसेल तेवढाच वेळ घेऊन, बाळाचीं फुप्फुसें पक्व व्हावीं म्हणून आईला स्टिरॉइडच्या सुया देतात. येथें मुहूर्त पाहूं नये, अमावास्या टाळूं नये, आणि मुलगा परगांवाहून येईपर्यंत सही अडवूं नये. सही तर बाईंची स्वतःची चालते. ती सज्ञान आहे, हें आपण मोठ्या घरांतले लोक फार लवकर विसरतों. आमच्या पत्रलेखिकेच्या सूनबाईंचा रक्तदाब दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशीं १७०/११० वर गेला, डोकें दुखूं लागलें. मॅग्नेशियम दिलें, रक्तदाब उतरविला, आणि पस्तिसाव्या आठवड्यांत मुलगी झाली. दोन किलोंहून थोडी कमी. आठव्या महिन्याची ती मुलगी आतां पणजीच्या मांडीवर खेळते, असें भगिनींनीं कळविलें आहे.

आतां आपल्या एका चालीविषयीं. पहिलें बाळंतपण माहेरीं, ही चाल प्रेमाची आहे व ती मोडावी असें आम्ही म्हणणार नाहीं. पण तिची वेळ पहा. मुलगी सातव्या-आठव्यांत सासर सोडते, म्हणजे रोग डोकें वर काढतो नेमकी तीच वेळ. जुने डॉक्टर सुटले, नवे अजून धरले नाहींत, आणि तपासणीचे कागद सासरच्या कपाटांत. माहेरच्या डॉक्टरांना तिचा तिसऱ्या महिन्यांतला रक्तदाब किती होता हेंच कळत नाहीं. वस्तुतः त्यावरूनच चढ ओळखावयाचा. तेव्हां ओटी भरून मुलगी निघाली म्हणजे तिच्याबरोबर फाइल आधीं द्यावी, लाडू मागाहून. आणि माहेरीं पोंचल्यापासून दोन दिवसांत तपासणी व्हावी. ज्यांना खासगी डॉक्टर परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं दर महिन्याच्या नऊ तारखेस सरकारी दवाखान्यांत गर्भिणींची मोफत तपासणी होते. ही योजना २०१६ पासून आहे.

बाळ झालें, पेढे वांटले, आणि घर सैल पडलें. रोग मात्र अजून गेलेला नसतो. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशीं रक्तदाब पुन्हां चढतो, आणि कित्येकींना पहिला झटका बाळंतपणानंतरच येतो. बहुधा पहिल्या दोन दिवसांत, क्वचित् कांहीं आठवड्यांनींही. तेव्हां बाळंतीण असते खोलींत, कानाला फडकें, शेक चाललेला. डोकें दुखतें म्हटलें तर 'वारा लागला' किंवा 'जागरण झालें' असें उत्तर मिळतें. पहिल्या आठवड्यांत तिचा रक्तदाब दोन-तीनदां तरी मोजला जावा, आणि डोकेंदुखी व दृष्टींतला फरक हीं गर्भारपणांतल्याइतकींच गंभीर समजावीं. गोळ्या डॉक्टरांनीं थांबविल्याशिवाय थांबवूं नयेत; दूध पाजणाऱ्या आईला चालतील अशाच त्या देतात.

पुढल्या खेपेस हा रोग सहा-सातांत एकीला पुन्हां होतो. म्हणून दुसऱ्या वेळीं दिवस राहिल्याचें कळतांच, बाराव्या आठवड्यापूर्वीं, जुने कागद घेऊन डॉक्टरांकडे जावें. धोका असलेल्या स्त्रियांना ॲस्पिरिनची लहान मात्रा त्या सुमारास सुरू केल्यास फायदा होतो. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या १,७७६ स्त्रियांवरच्या अभ्यासांत रोज रात्रीं १५० मिलिग्रॅम दिल्यानें, दिवस पुरे भरण्याआधीं उद्भवणारा हा रोग ६२ टक्क्यांनीं कमी झाला. सहावा-सातवा महिना उजाडल्यावर सुरू करून तो लाभ मिळत नाहीं. आणि मनानें ती गोळी घेऊं नये. ज्यांच्या आहारांत दूधदुभतें कमी, त्यांना कॅल्शियमचाही उपयोग आहे. आपल्या सरकारी दवाखान्यांत चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसांतून दोनदां देतात. ती लोहाच्या गोळीबरोबर एकाच वेळीं घेऊं नये, नाहीं तर लोह अंगीं लागत नाहीं. हा रोग होऊन गेलेल्या स्त्रीला पुढें आयुष्यांत हृदयविकार व पक्षाघात यांचा धोका इतरांच्या सुमारें दुप्पट असतो. तेव्हां आजोबांच्या यंत्रावर वर्षांतून एकदां तरी तिचाही रक्तदाब मोजला जावा, आणि तो तिच्या त्याच जुन्या फाइलींत तारीख घालून लिहून ठेवावा.